बुरसटलेला दाणा

अन्नाचा कणही वाया दवडू नये, ही शिकवण आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ताटात उष्टे टाकणाऱ्या नातवाला आजी दटावते, खळ्यावर सांडलेले दाणे म्हातारी माणसे वाकून वेचून घेतात, आणि भाकरीचा तुकडा पायदळी आला तर तो आदराने उचलून ठेवण्याची चाल अजून पुष्कळ कुटुंबांत आहे. या शिकवणीला शुभवर्तमानाचाही आधार आहे. पाच हजारांच्या समुदायाला भोजन घातल्यानंतर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करावयास शिष्यांना सांगितले व त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या, हे आपण मिस्सेच्या वाचनात अनेकदा ऐकलेले आहे.

परंतु प्रत्येक गृहिणीपुढे कधी ना कधी एक अवघड प्रश्न उभा राहतो. पावसाळा लांबला, कणसे ओली घरात आली, कणगीचा तळ ओलावला आणि दाण्यांवर हिरवट, पिवळट किंवा काळपट बुरशी चढली, तर त्या धान्याचे काय करावे? ते टाकून द्यावे तर अन्नाचा अवमान होतो असे मनाला वाटते. शिवाय घरात दुसरे धान्य असेलच असे नाही. मग ते उन्हात घातले जाते, धुतले जाते, पाखडले जाते, चांगल्या धान्यात मिसळून दळले जाते, आणि त्याची भाकरी मुलांच्या ताटात पडते. भाकरीचा वास थोडासा कुबट येतो, एवढेच. त्याने काय होणार आहे, असे आपण म्हणतो.

काय होऊ शकते, हे आपल्याच देशातील एका भागाने फार मोठी किंमत देऊन जाणून घेतले आहे. ती हकीकत आणि तिच्यामागील शास्त्रज्ञांचे परिश्रम आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मक्याच्या मुलखातील कावीळ

बडोद्याच्या पूर्वेस पंचमहाल जिल्हा आहे. १९९७ मध्ये ज्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो दाहोदचा प्रदेशही पूर्वी त्यातच मोडत असे. त्याला लागून राजस्थानचा बांसवाडा जिल्हा आहे. हा डोंगराळ, आदिवासी वस्तीचा मुलूख. येथल्या गरिबांचे मुख्य अन्न म्हणजे मका. मक्याची भाकरी आणि सोबत मिळेल ते कालवण, यावर ही कुटुंबे वर्षाचे दिवस काढतात.

१९७४ साली कापणीच्या सुमारास येथे अवकाळी पाऊस झाला. शेतात उभी असलेली कणसे भिजली. ती वाळविण्यास पुरेसे ऊन मिळाले नाही आणि घरात साठविण्यास कोरडी जागा नव्हती. ओली कणसे तशीच भरून ठेवली गेली व त्यांना बुरशीने ग्रासले. जुना साठा संपलेला होता, विकत घेण्यास हाती पैसा नव्हता. म्हणून तोच मका दळला गेला व खाल्ला गेला.

वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत गावोगाव लोक आजारी पडू लागले. प्रथम डोळे पिवळे होत, मग पोट भराभर फुगून त्यात पाणी साठे. आपल्याकडे ज्याला जलोदर म्हणतात तीच ही अवस्था. पुष्कळांना शेवटी पोटात रक्तस्राव होऊन मृत्यू आला. दोन्ही जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक गावांत हा रोग दिसून आला. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले, म्हणजे चौघांतील एकाहून अधिक.

सामान्य कावीळ दूषित पाण्यातून पसरते, हे वाचकांना ठाऊक आहेच. येथेही पहिला संशय तसाच यावा हे स्वाभाविक होते. परंतु या रोगाचे वागणे निराळे होते. तो घराघरांची निवड करीत होता. एकाच गावात, एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी एका घरात दोघेतिघे अंथरुणाला खिळत व दुसऱ्या घराला काहीच होत नसे. अंगावर पिणारी बालके सुरक्षित राहत होती. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, आजारी माणसांच्या घरची कुत्रीही पोट फुगून, पिवळी पडून मरत होती. घरची उरलेली भाकरी त्याच कुत्र्यांच्या वाट्याला येत असे.

जेथे माणूस व कुत्रा एकाच रोगाने मरतात तेथे दोघांच्या समान अन्नाकडे पाहावयास हवे. या सूत्राचा माग काढीत जे संशोधक पुढे गेले ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे होते.

हैदराबादचे शोधक

या संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगणे उचित होईल. बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका लहानशा खोलीत तिचा पाया घातला. १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. गरिबाच्या ताटात काय असते आणि काय नसते, याचा शोध घेणे हेच तिचे ब्रीद होय.

या संस्थेच्या कृष्णमाचारी, रमेश भट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगग्रस्त घरांतील मक्याचे नमुने गोळा करून तपासले. एक किलो मक्यात सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅम एवढे एक विशिष्ट विष त्यांना आढळले. ज्या घरांत रोग नव्हता तेथील धान्यात त्याचे प्रमाण अगदीच अल्प होते. आजारी माणसांच्या पोटात दररोज दोन ते सहा मिलिग्रॅम विष जात असले पाहिजे, असा हिशोब त्यांनी मांडला. १९७५ मध्ये त्यांचा हा निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला व जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

हे प्रमाण किती भयंकर होते, हे ध्यानात यावे म्हणून आजचा नियम सांगतो. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तृणधान्यात या विषाची मर्यादा किलोमागे पंधरा मायक्रोग्रॅम ठरविली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पंचमहालच्या त्या मक्यात या मर्यादेच्या चारशेपासून हजार पटींपर्यंत विष होते!

पुढील वर्षी पुन्हा त्याच भागातील धान्य तपासण्यात आले. त्यात विषाचे प्रमाण फार कमी आढळले, आणि रोगही उद्भवला नाही. लोक तेच होते, गावे तीच होती, पाणी तेच होते. बदलला होता तो फक्त दाणा.

टर्की पक्ष्यांनी दिलेला इशारा

या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. शास्त्रज्ञांना ते ओळखता आले याचे कारण, चौदाच वर्षांपूर्वी त्याचा शोध लागलेला होता. आणि तोही काही मुक्या पक्ष्यांच्या मृत्यूमुळे.

इंग्लंडमध्ये नाताळच्या मेजवानीसाठी टर्की नावाचे मोठे पक्षी पाळले जातात. १९६० साली तेथील फार्मांवर एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. रोगाचे कारण कळेना म्हणून त्याला ‘अज्ञात टर्की रोग’ अशा अर्थाचे नाव देण्यात आले. एखादा नवा विषाणू आला असावा, असे प्रथम वाटले. पण बारकाईने पाहता या सर्व पक्ष्यांच्या खाद्यात एक समान वस्तू सापडली, ती म्हणजे ब्राझील देशातून आणलेली भुईमुगाची पेंड. ती पेंड बुरसटलेली होती. तिच्यावरील बुरशीचे शास्त्रीय नाव अॅस्परजिलस फ्लेव्हस. यातील पहिल्या नावाचे आद्याक्षर, दुसऱ्या नावाची पहिली अक्षरे व विष या अर्थाचा शब्द जोडून अफ्लाटॉक्सिन हे नाव तयार झाले.

हे विष ओळखण्याची रीतही कौतुकास्पद आहे. डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण त्यावर सोडले की त्याचे काही प्रकार निळे चमकतात व काही हिरवे. इंग्रजीतील निळ्या व हिरव्या रंगांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘बी’ व ‘जी’ अशी नावे पडली. यांपैकी ‘बी-एक’ हा प्रकार सर्वांत घातक होय.

ज्या बुरशीचा येथे उल्लेख केला ती कोठून येते, असा प्रश्न वाचक विचारतील. ती सर्वत्रच आहे. शेतातील मातीत, काडीकचऱ्यात, वाऱ्यावर उडणाऱ्या धुळीत तिचे सूक्ष्म बीजाणू असतात. कोरड्या, टणक दाण्याचे ती काही वाकडे करू शकत नाही. परंतु दाण्यात ओल राहिली, हवा उबदार असली, आणि त्यातून किड्याने दाणा पोखरलेला वा मळणीत तो फुटलेला असला, म्हणजे तिला मोकळे रान मिळते. मका व भुईमूग ही तिची आवडती ठिकाणे; परंतु सुके खोबरे, लाल मिरची, सरकी यांवरही ती वाढते. शेतात पीक उभे असताना पाण्याचा ताण पडला तर भुईमुगाच्या शेंगेत ती जमिनीतच शिरकाव करते.

यकृतावरील घाला

मनुष्याच्या शरीरात यकृत हे एखाद्या जागरूक पहारेकऱ्यासारखे आहे. अन्नातून येणारे अपायकारक पदार्थ बदलून, सौम्य करून बाहेर टाकणे हे त्याचे एक मुख्य काम. परंतु अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत दुर्दैवाने उलटे घडते. यकृत या विषात जो बदल करते त्यातूनच त्याचे अधिक उग्र रूप निर्माण होते, आणि ते पेशीतील आनुवंशिक द्रव्याला जाऊन चिकटते. एकदम मोठी मात्रा पोटात गेली तर यकृताच्या पेशी मरतात व पंचमहालात घडले तसे घडते. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षे जात राहिली तर वरवर काहीच दिसत नाही. पण यकृताच्या कर्करोगाचे बीज पेरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. ज्यांना हेपटायटिस-बी या काविळीचा संसर्ग आहे त्यांना हा धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून नवजात बालकाला मिळणारी हेपटायटिस-बीची लस कोणत्याही आईबापांनी चुकवू नये.

आता गृहिणींचा मुख्य प्रश्न. बुरशी धुऊन टाकली, धान्य उन्हात तापविले, पीठ भाजले, भाकरी खरपूस शेकली, तर हे विष नाहीसे होत नाही काय? याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असेच द्यावे लागते. पटकी वा विषमज्वराचे जंतू उकळण्याने मरतात, कारण ते सजीव आहेत. अफ्लाटॉक्सिन सजीव नव्हे. बुरशीने दाण्याच्या गाभ्यात सोडून ठेवलेले ते रसायन आहे. बुरशी मेली तरी विष मागे उरतेच. स्वयंपाकाच्या आचेने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. तसेच त्याला वेगळी चव नाही, वास नाही. कुबट वास येतो तो बुरशीचा, विषाचा नव्हे. त्यामुळे वास घालविला म्हणजे धोका गेला, ही समजूत चुकीची आहे.

चांगल्या धान्यात मिसळण्याचा उपायही फसवा आहे. हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. थोड्याच दाण्यांत ते पुष्कळ असते व बाकीचे दाणे निर्दोष असतात. ते वेगळे काढले तर बाकीचे धान्य वाचते. दळून एकत्र केले तर सारेच पीठ बिघडते. भुईमुगाचे दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट पडलेले, बुरशीचे दाणे बाजूला काढणाऱ्या आजीबाईंचा हात म्हणूनच शास्त्राला मान्य आहे. कडू लागलेला शेंगदाणा थुंकून टाकण्याची सवयही तशीच शहाणपणाची.

गाईला घातले तर?

‘माणसाने खाऊ नये ते जनावराला घालावे’ असा आपला व्यवहार असतो. बुरसटलेली पेंड व मका गोठ्यात जातो. यात दुहेरी हानी आहे. कोंबड्या, बदके, वासरे यांना हे विष बाधते; आणि दुभत्या गाईम्हशींच्या पोटात गेलेल्या विषाचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो. त्या प्रकाराला दुधाच्या इंग्रजी नावावरून ‘एम-एक’ म्हणतात. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. म्हणजे जो दाणा आपण आपल्या ताटातून काढला तोच लेकराच्या पेल्यात परत येतो.

हा केवळ तर्क नव्हे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६४३२ नमुने घेतले व २०१९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. दुधात पाण्याची भेसळ होते हे सर्वांना माहीत होते. परंतु ३६८ नमुन्यांत, म्हणजे शेकडा पावणेसहांच्या सुमारास, हे एम-एक विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. त्याचे मूळ पशुखाद्यात व चाऱ्यात आहे, असे प्राधिकरणाने सांगितले. समाधानाची गोष्ट एवढीच की, खाद्य बदलले म्हणजे थोड्याच दिवसांत गाईचे दूध पुन्हा शुद्ध होते.

दख्खनची ज्वारी आणि संत अंतोनीचा अग्नी

बुरशीचे विष एकच नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पोटात कळा येणे, पोट गुरगुरणे व जुलाब होणे अशी साथ पसरली. हैदराबादच्या त्याच संस्थेने २७ गावांची पाहणी केली. ज्या घरांनी पावसात भिजून बुरसटलेली ज्वारी किंवा मका खाल्ला होता तेवढ्याच घरांत आजार होता. तेथील धान्य एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांना घातले तेव्हा त्यांनाही जुलाब झाले. यावेळी विष होते फ्युमोनिसिन नावाचे, आणि ते निर्माण करणारी बुरशीही वेगळी होती. खराब धान्य खाणे थांबताच माणसे बरी झाली. बेळगाव व सीमाभागातील आमच्या वाचकांचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पेवातील ज्वारी काढताना कडेची व तळाची ओलावलेली ज्वारी मधल्या चांगल्या ज्वारीत कधीही मिसळू नये.

या विषयाचा आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी एक जुना संबंध आहे, तोही येथे सांगण्यासारखा आहे. मध्ययुगात युरोपातील गोरगरीब राय नावाच्या धान्याचा पाव खात. त्या धान्याच्या कणसावर काळ्या शिंगासारखी एक बुरशी येई. ती दळली गेली की लोकांच्या हातापायांची आग होई, बोटे काळी पडून झडत, कित्येकांना झटके येत. या रोगाला ‘संत अंतोनीचा अग्नी’ म्हणत. ज्यांचा सण आपण १३ जूनला साजरा करतो ते पदुआचे संत अंतोनी हे नव्हेत. हे मिसर देशातील वैराग्यशील मठवासी संत अंतोनी, ज्यांचा स्मृतिदिन १७ जानेवारीस येतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्यांच्या नावाने बंधूंचा एक संघ निघाला व त्याने या रुग्णांच्या सेवेसाठी युरोपभर इस्पितळे उघडली. जर्मन चित्रकार ग्र्युनेवाल्ड याने इझेनहाइम येथील याच संघाच्या मठासाठी १५१२ ते १५१६ च्या दरम्यान वेदीमागील जी चित्रे रंगविली, त्यांत क्रुसावरील प्रभूचा देह व्रणांनी भरलेला दाखविला आहे. त्या इस्पितळातील रोग्याने वर पाहावे आणि आपली व्यथा प्रभूच्या अंगावर ओळखावी, असा त्यातील भाव आहे.

त्या बंधूंना बुरशीचे शास्त्र ठाऊक नव्हते. परंतु त्यांच्या इस्पितळात रोग्याला चांगला पाव मिळे. बुरशीचा पाव सुटल्यामुळेच अनेकांना उतार पडत असावा, असे आजचे अभ्यासक म्हणतात. दया प्रथम आली व ज्ञान मागून आले. पण दोघांची वाट एकच होती.

याच जातीची बुरशी आपल्या बाजरीवर येते. तिला शेतकरी अरगट म्हणतात. तिने हातपाय झडत नाहीत. परंतु ओकाऱ्या, चक्कर, गुंगी हे त्रास होतात. तिच्यावरील उपाय सोपा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकावी व ढवळावी. अरगटाचे हलके तुकडे व पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून जाळावे किंवा पुरून टाकावे, आणि खाली राहिलेले दाणे स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन वाळवावे. पेरणीच्या बियाण्यासाठीही हीच रीत आहे. मात्र हा उपाय अरगटापुरता आहे. अफ्लाटॉक्सिन मिठाच्या पाण्याने जात नाही, हे विसरू नये.

घरी काय करावे

जे विष एकदा शिरले की निघत नाही, ते शिरू न देणे हाच खरा उपाय. तो महाग नाही. त्याला काळजी मात्र लागते.

कणसे व शेंगा तयार होताच काढाव्या. त्या शेतात ताटकळत ठेवू नयेत. उघड्या मातीवर वाळत न घालता ताडपत्री, चटई किंवा सारवलेले खळे यांवर पातळ थर करून वाळवाव्या, दिवसातून अनेकदा हलवाव्या आणि संध्याकाळी दवापासून झाकाव्या. किडकी, फुटकी, बुरशी आलेली कणसे सोलण्यापूर्वीच वेगळी करावी. साठवण्याजोगा मक्याचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. चेपला गेला तर तो ओला समजावा.

अधिक खात्री हवी असेल तर मिठाची परीक्षा करावी. काचेची एक अगदी कोरडी बाटली घेऊन तिचा तिसरा हिस्सा धान्याने भरावा. त्यात दोनतीन चमचे कोरडे मीठ घालून झाकण घट्ट लावावे, थोडा वेळ जोराने हलवावे व पंधरा मिनिटे ठेवून द्यावे. मीठ बाटलीच्या आतील काचेला चिकटले तर धान्यात शेकडा पंधराहून अधिक ओलावा आहे असे समजून ते पुन्हा वाळवावे. मीठ चिकटले नाही तरी मक्याला एखाद्या दिवसाचे अधिक ऊन द्यावे, कारण ओलावा शेकडा तेरापर्यंत उतरलेला बरा. शेंगदाण्याला तर याहूनही कोरडेपणा लागतो.

कणगी, कोठी किंवा पोती जमिनीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. छपराची गळती पावसाळ्यापूर्वी बुजवावी. जुन्या पोत्यांतील धूळ झटकून, ती उकळत्या पाण्यातून काढून व कडक उन्हात वाळवूनच त्यांत नवे धान्य भरावे. गोव्यात व कोकणच्या बाजूस खोबऱ्याच्या वाट्या आणि मिरच्या पावसाच्या दमट हवेत लवकर बुरसटतात, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. पशुखाद्य व पेंड यांनाही हाच नियम लावावा. सहकारी संस्था व शेतकरी मंडळे यांनी मनात आणले तर धान्याची तपासणीही आता आवाक्यात आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिन तपासण्याची स्वस्त पद्धत तयार केली आहे.

आणि गावात एकाच वेळी अनेकांचे डोळे पिवळे झाले, पोट फुगू लागले, तर झाडपाला, माळ, उतारा यांत दिवस घालवू नयेत. रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, सर्व घरांनी संशयित धान्य खाणे बंद करावे, परंतु त्यातील थोडेसे बांधून ठेवून आरोग्य अधिकाऱ्यांच्या हवाली करावे. पंचमहालात खरा गुन्हेगार सापडला तो जपून ठेवलेल्या दाण्यातच. कोणाची करणी किंवा देवाचा कोप असा तर्क करून शेजाऱ्याकडे बोट दाखविणे हे तर अज्ञान आणि पाप दोन्ही होय.

गरिबाचा वाटा

येथवर जे सांगितले ते ज्याच्या घरात निवडण्यापुरते धान्य आहे त्याच्यासाठी. परंतु पंचमहालच्या त्या कुटुंबांना बुरसटलेला मका ओळखता येत नव्हता असे नाही. त्यांना तो दिसत होता. दुसरा मका नव्हता, म्हणून त्यांनी तो खाल्ला. शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधातही हेच नोंदविले आहे की, हा रोग अत्यंत गरिबांपुरता मर्यादित राहिला. २००४ साली पूर्व केनियात हीच आपत्ती पुन्हा आली, तेथेही ओलसर साठविलेला मकाच कारण ठरला व ३१७ रुग्णांपैकी १२५ मृत्यू पावले. बुरशी सर्वांच्या धान्यावर येते. मरण मात्र ज्याला निवड नाही त्याच्या घरी जाते.

म्हणून हा प्रश्न स्वयंपाकघरात सुटण्यासारखा नाही. तो सदसद्विवेकाचाही आहे. शेतमजुराला मजुरीचे धान्य देताना कोणत्या पोत्याचे तोंड सोडले जाते? दारी आलेल्याला सुपातील कोणता भाग मिळतो? घरच्यांनी खाऊ नये म्हणून काढलेले धान्य स्वस्तात कोणाला विकले जाते? आमोस संदेष्ट्याने आपल्या काळच्या व्यापाऱ्यांवर जे आरोप केले त्यांत खोटे माप व तागडी यांच्या जोडीला गव्हाचा गाळसाळ गरिबांना विकणे हाही एक आरोप होता. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, पण तो बोल अजून जुना झालेला नाही. ज्या दाण्याची भाकरी आपण आपल्या मुलाला देणार नाही तो दाणा दान म्हणून देता येत नाही व मजुरी म्हणूनही देता येत नाही.

अवकाळी पावसाचे वर्ष आले म्हणजे प्रत्येक पॅरिशने एक विचार अवश्य करावा. ज्यांचे सारे धान्य भिजले असे घर आपल्या गावात कोणते आहे? त्या घराला शेजाऱ्यांनी दोन पायल्या कोरडे धान्य दिले तर ते कुटुंब बुरसटलेली कणसे निश्चिंत मनाने टाकू शकेल. धान्य वाळविण्यासाठी ताडपत्र्या व शाळेचे किंवा सभागृहाचे कोरडे आवार गावाला खुले करणे हीदेखील मोठी सेवा होईल. गोव्यात ऑगस्ट महिन्यात नवी कणसे चर्चमध्ये आणून आशीर्वादित केली जातात. कणीस आशीर्वादाचे आहे, तर ते कोठारात पोहोचेपर्यंत निर्मळ राखणे हे आपले काम.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन आम्ही हा लेख संपवितो. अन्न टाकू नये, हे खरेच. परंतु ज्या दाण्यात विष भरले तो अन्न राहिलेला नसतो. बारा टोपल्यांत शिष्यांनी वेचले ते भुकेल्यांना तृप्त करून उरलेले तुकडे होते. अशा तुकड्याचा मान राखावयाचा असेल तर तो कोरडा, स्वच्छ व सुरक्षित ठेवावा लागतो. रोजच्या भाकरीसाठी आपण स्वर्गीय पित्याजवळ जी प्रार्थना करतो ती एकट्यासाठी नसते, सर्वांसाठी असते. त्या प्रार्थनेत शेजारच्या झोपडीतील भाकरीही येते, आणि तीही बुरशीवाचून असली पाहिजे.